नमुना तीनशे सतरा

मेंढीच्या रक्ताच्या ताटलीवर
हिरवट कडं धरलं की समजायचं, आलेत.
दुसऱ्या दिवशी मधोमध खळगा पडतो,
कॅरमच्या सोंगटीसारखा.

येळ्ळूरच्या अंगणवाडीत श्रावणात
साठ पोरांच्या नाकांत मी काडी फिरवली.
बावीस जणांकडे हे राहायला होते.
भाडं नाही, भांडण नाही,
शेंबडाशी संसार.
पोरं शिंकली आणि चिक्की घेऊन पळाली.

तीनशे सतरा वेगळा.
तो मष्णूच्या कण्यातून आला,
जांबोटीकडचा मष्णू, वय चार.
सुईतून थेंब नितळ पडायला हवे होते,
तांदळाच्या धुवणासारखे पडले.
सिस्टरनं विचारलं, "ज्वर यावाग बंतु?"
त्या वाक्यातला ज्वर तेवढा
त्याच्या आईला कळला.
तिनं तीन बोटं दाखवली.

नाकातले आणि कण्यातला,
वरचं साखरेचं आवरण सारखंच,
प्रकारही एकच.
मग ते ओसरीवर थांबले,
हा माजघरात कसा गेला?

मी त्यांची साल काढते, जेलवर सोडते.
जड प्रथिनं वरच रेंगाळतात, हलकी खाली पळतात,
आणि निळ्या रंगात भिजवल्यावर
रेघेखाली रेघ उमटते,
अण्णांच्या लुगड्याच्या काठासारखी.

वडगावात आमच्या गल्लीत
सगळे पॉवरलूम, अण्णांचा एकच हातमाग.
ताण्यातला धागा तुटला तर
धोट्याच्या आवाजावरून त्यांना कळतं.
माझ्या कामाला आवाज नाही.
मला एकेक धागा मुद्दाम तोडावा लागतो :
हे जनुक काढ, जंतू वाढव,
माणसाच्या रक्तात सोड, सकाळी मोज.
ते काढ. मोज.
एकेचाळिसाव्याला लाईट गेली,
ते पुन्हा केलं.
कापड कुठंच उसवलं नाही.

"काय शोधालीस गं इतके दिवस?"
"एक धागा."
"कुठल्या रंगाचा?"
"माहीत नाही, अण्णा."
"मग दिसंल कसा?"
"नसल्यावर."
ते बराच वेळ फणी पुसत राहिले.

त्र्याऐंशीवं.
नाकाच्या पेशींवर जंतू मजेत,
रक्तात मात्र सकाळी एकही नाही.
मी ताटली उजेडाकडे धरली,
खिडकीशी नेली,
मग शिपाई निंगाप्पाला दाखवली.
तो म्हणाला, रिकामीच आहे की ओ.

आपल्या रक्तात एक रखवालदार फिरतो,
पेशीपेशीला हात लावून सांगतो,
हा आपला, ह्याला सोडा.
हे प्रथिन त्याच रखवालदाराला
बाहीला धरून अंगावर ओढून घेतं
आणि पहारा बाजूला होतो.
टाळं तसंच, भिंतही तशीच.
आपला म्हणवून घेतलं, झालं.

बोर्डांवर फासलेलं डांबर बघत
मी ह्या गावात मोठी झाले.
आपला ह्या शब्दावरून काय काय फुटतं
ते मला पाठ आहे.
त्याची इतकी मुकाट चोरी
कधी पाहिली नव्हती.

अजून तिसऱ्यांदा करून बघायचंय.
त्याला नाव नाही, आकडा आहे.
कुणी लशीबद्दल बोलायला लागलं
की मी चहाला उठते.

मष्णू वाचला. डावा कान गेला.
वैशाखात तपासणीला आला तेव्हा
आईच्या पिशवीत फणसाचे गरे,
आणि हाक मारायच्या आधी
ती वळसा घालून त्याच्या उजवीकडे जायची.

मी त्याला काहीच दाखवलं नाही.
त्यानंच माझी बोटं धरली,
उलटसुलट केली,
आणि गरजेपेक्षा मोठ्यानं विचारलं,
"शाई?"

मी हो म्हटलं.